मोहरीकुलांतील भाज्यांचें तिखट सत्त्व आणि कर्करोग

कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी व अहळीव हीं पांच नांवें घेतलीं असतां त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें आपल्या वऱ्हाडांतील शेतकऱ्यास सहसा वाटत नाहीं. एकाचा गड्डा होतो, दुसरीचें फूल खातात, तिसरा जमिनींत वाढतो, चौथीचे दाणे फोडणींत पडतात आणि पांचवा बाळंतिणीच्या लाडवांत जातो. परंतु बीं धरण्यासाठीं राखलेल्या झाडास फूल आलें म्हणजे तें हातांत घेऊन पाहावें. प्रत्येकाच्या फुलास चारच पाकळ्या, आणि त्या समोरासमोर अशा बसलेल्या कीं चौरस्त्याची आकृति व्हावी. वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्वांस एकाच कुळांत घालतात. मराठींत त्यास मोहरीकुल किंवा सर्षपकुल म्हणतात. नवलकोल, सलगम आणि जिचा हल्लीं शहरांतून फार बोलबाला आहे ती ब्रोकोली नांवाची हिरवी फुलकोबी, हीं सर्व याच घराण्यांतील होत.

या कुळाची दुसरी खूण नाकानें ओळखावयाची आहे. मोहरी फेसतांना जो झणका नाकांत चढून डोळ्यांस पाणी आणतो, कच्चा मुळा चावला असतां जिभेस जो चरका बसतो, कोबी फार वेळ शिजला म्हणजे घरभर जो उग्र दर्प सुटतो, तीं सर्व गंधकयुक्त द्रव्यांचींच रूपें आहेत. या द्रव्यांचा कर्करोगाशीं कांहीं संबंध आहे काय, असल्यास तो केवढा, आणि आपल्या घरीं व वावरांत त्याचा उपयोग किती, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

विषय हातीं घेण्यास एक दुःखाचें निमित्त घडलें. आमच्या नात्यांतील एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या आंतबाहेर, घरची ओलिताची जमीन, व्यवहारांत चोख. खर्रा खाण्याची संवय मात्र पंचवीस-तीस वर्षांची. गालाच्या आंतल्या बाजूस पांढरा चट्टा पडला आणि हळूहळू तोंड पुरतें उघडेनासें झालें. दवाखान्याची वाट धरण्याऐवजीं त्यांनीं कोणी तरी मोबाइलवर पाठविलेली एक जाहिरात वाचली. तींत तीन वाक्यें होतीं. कोबीच्या जातींत सल्फोराफेन नांवाचें सत्त्व मिळतें. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं त्याचा कर्करोगाच्या दृष्टीनें अभ्यास केला आहे. आमची भुकटी सहा महिने घेतल्यास कर्करोग मुळापासून जातो. भुकटी महाग होती. ती त्यांनीं पांच महिने घेतली, रोज सकाळीं कोबीचा रसही घेतला, आणि खर्रा चालूच ठेवला. कारण रसानें खर्र्याचें विष उतरतें अशी त्यांची समजूत करून देण्यांत आली होती. पुढें चट्ट्याचे जागीं न भरणारी जखम झाली, तेव्हां कोठें तपासणी झाली व कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेंत जबड्याचा एक भाग काढावा लागला. त्या दिवसांत त्यांचे कागद घेऊन हिंडण्याचें काम आमच्याकडे होतें. नोकरींत जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी ताडून पाहण्यांत गेल्यामुळें, त्या जाहिरातीची नोंदही ताडून पाहावी असें मनांत आलें. पाहतां असें आढळलें कीं तिचीं पहिलीं दोन वाक्यें खरीं आहेत. तिसऱ्यास कसलाच आधार नाहीं. खऱ्याच्या पाठीस खोटें बांधून विकलें म्हणजे चतुर माणूसही कसा फसतो याचा हा मासला आहे. सबब पहिल्या दोन वाक्यांतील खरें काय तें आधीं नीट समजून घेऊं.

त्यासाठीं प्रयोगशाळेंत जावयास नको. मोहरीचे चार दाणे अख्खेच गिळून पाहावे; कांहीं लागत नाहीं. चमचाभर मोहरी कोरडीच कुटून हुंगावी. वास अगदीं बेताचा येतो. आतां त्या पुडीचे दोन भाग करावे. एका वाटींत थंड पाणी व दुसरींत उकळतें पाणी घालून पूड कालवावी आणि दहा मिनिटें झांकून ठेवावी. थंड पाण्याच्या वाटीवरचें झांकण काढतांच असा झणका उठतो कीं मान मागें घ्यावी लागते. उकळत्या पाण्याची वाटी बहुतेक मुकीच राहते. आपल्या घरांतील आयाबायांस हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोशिंबिरीस किंवा लोणच्यास लावावयाची मोहरी त्या थंड पाण्यांत फेसतात ती याचमुळें. आणि तापल्या तेलांत तडतडलेली मोहरी कितीही घातली तरी ती नाकास झोंबत नाहीं तीही याचमुळें.

याचा अर्थ असा कीं, तिखट पदार्थ दाण्यांत तयार भरून ठेवलेला नसतो. दाण्याच्या, पानाच्या किंवा मुळाच्या अंगांत दोन निरनिराळ्या कोठ्या असतात असें समजावें. एकींत ग्लुकोसिनोलेट नांवाचें द्रव्य असतें. त्यांत साखर, गंधक व नत्र यांचा अंश असून त्यास स्वतःचा झणका नसतो. दुसरींत मायरोसिनेज नांवाचें विकर असतें. विकर म्हणजे इंग्रजी जाणणारे ज्यास एंझाइम म्हणतात तें. दुधाचें विरजण लागतांना किंवा धान्यास मोड येतांना असल्याच विकरांचें काम चालतें. दाणा फुटला, पान चिरलें, अळीनें कुरतडलें, कीं दोन कोठ्यांमधील भिंत मोडते. मग ओलाव्याच्या साह्यानें विकर त्या द्रव्यांतील साखर तोडून बाजूला करतें आणि राहिलेल्या भागापासून आयसोथायोसायनेट या वर्गाचें झोंबरें द्रव्य जन्मास येतें. किडींस हांकलण्याकरितां झाडानें ठेवलेली ही सुकी दारू आहे. ठिणगी पडेपर्यंत ती निरुपद्रवी. उकळत्या पाण्यानें वा तेलानें विकर मरतें, आणि मग द्रव्य शिल्लक राहिलें तरी ठिणगी उरत नाहीं.

प्रत्येक भाजीचें द्रव्य थोडथोडें निराळें असतें. मोहरींत मुख्यतः सिनिग्रिन असून त्यापासून अॅलिल आयसोथायोसायनेट होतें. फेसलेल्या मोहरीचा झणका तो हाच. अहळिवांत बेन्झिल जातीचें सत्त्व तयार होतें. पत्ताकोबींत सिनिग्रिनाबरोबर ग्लुकोब्रासिसिन म्हणून एक आहे, त्यापासून इंडोल-३-कार्बिनॉल मिळतें. ब्रोकोलींतील ग्लुकोराफेनिन या द्रव्यापासून जें निघतें तेंच जाहिरातींतील सल्फोराफेन; आणि मुळ्याच्या बियांत त्याचें अगदीं सख्खें भावंड शोभेल असें सल्फोराफीन आहे. नांवें अवघड आहेत. तीं पाठ करण्याची गरज नाहीं. हीं सर्व एकाच घरचीं आहेत एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुरे.

या द्रव्यांकडे कर्करोगाच्या दृष्टीनें लक्ष वेधणाऱ्यांत अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाचे डॉ. ली वाटेनबर्ग यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. त्यांनीं १९७७ व १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कर्करोग उत्पन्न करणारें रसायन देण्यापूर्वीं उंदरांस या वर्गांतील द्रव्यें खाऊं घातलीं असतां गांठी कमी होतात असें दाखविलें. येथें ‘पूर्वीं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे. त्यानंतर १९९२ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत डॉ. पॉल टॅलाले, डॉ. यूशेंग झांग व त्यांचे सहकारी यांनीं ब्रोकोलींतून सल्फोराफेन वेगळें काढलें. शरीरांतील विषहारक विकरांचें प्रमाण वाढविणारें द्रव्य भाज्यांत आहे काय याचा ते शोध करीत होते, आणि त्या कामीं सल्फोराफेन फार प्रभावी ठरलें. १९९७ सालीं त्याच विद्यापीठांतील डॉ. जेड फाही, झांग व टॅलाले यांनीं असें दाखविलें कीं, ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या मोडांत हें मूळद्रव्य वाढलेल्या भाजीच्या १० ते १०० पट असतें. भुकटीच्या धंद्यास तेथून भरती आली.

सल्फोराफेन शरीरांत काय करतें तेंही थोडक्यांत पाहूं. आपल्या प्रत्येक पेशींत एनआरएफ-२ या नांवाचें एक प्रथिन आहे. केप-१ नांवाचें दुसरें प्रथिन त्यास एरवीं धरून ठेवतें. सल्फोराफेन केप-१ ला जाऊन चिकटतें, पकड ढिली पडते, आणि सुटलेलें पहिलें प्रथिन पेशीच्या केंद्रांत जाऊन विषहारक विकरें तयार करण्याचा हुकूम सोडतें. गांवांत चोर शिरण्याआधीं कोतवालास जागें करावें, तसें हें काम आहे. आतां वरील ‘पूर्वीं’ या शब्दाचें महत्त्व समजेल. चोर घरांत शिरून मालक होऊन बसला असेल, तर जागा झालेला कोतवाल कोणाच्या बाजूनें उभा राहील याचा भरंवसा नाहीं. कांहीं जातींच्या गांठींत, विशेषतः फुप्फुसाच्या, केप-१ बिघडलेलें असून हीच रक्षणाची व्यवस्था कर्कपेशींच्याच बचावास उपयोगी पडते असें आढळलें आहे. म्हणून जें द्रव्य निरोग्याच्या ताटांत हितकर असूं शकेल तें रोग्यास औषध म्हणून हितकरच होईल असें मानतां येत नाहीं. आमच्या आप्तांच्या तोंडांत चट्टा पडल्यावर त्यांनीं भुकटी सुरू केली होती.

उंदीर सोडून माणसाकडे वळूं. येथें पुरावा पुष्कळ आहे, पण जाहिरातींत असतो तसा ठाम नाहीं. चीन देशांतील शांघाय शहरांत १८,२४४ पुरुषांची नोंद करून त्यांचें मूत्र राखून ठेवण्यांत आलें होतें. पुढें ज्यांस फुप्फुसाचा कर्करोग झाला व ज्यांस झाला नाहीं अशांचीं मूत्रें ताडून पाहिलीं. त्याचा निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मूत्रांत या भाज्यांचें सत्त्व सांपडलें त्यांस तो रोग कमी प्रमाणांत झाला होता, आणि ज्यांच्या शरीरांत एक ठराविक विकर जन्मतःच नसतें अशांत हा फरक अधिक दिसला. कारण असें दिसतें कीं, तें विकर या सत्त्वास शरीराबाहेर घालविण्याचें काम करतें. तें नसेल तर सत्त्व अधिक काळ आंत राहतें. म्हणजे एकच मुळा दोन भावांनीं खाल्ला तरी दोघांस सारखाच लाभेल असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं या भाज्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच काढला. त्यांत जठर व फुप्फुस यांच्या कर्करोगाबाबत माणसांतील पुरावा ‘मर्यादित’ असल्याचा निर्वाळा आहे. कचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर दावा फेटाळलेला नाहीं, पण फेरफारही मंजूर झालेला नाहीं.

चीनमधीलच चिदोंग भागांत जे प्रयोग झाले ते आपणांस अधिक जवळचे वाटतील. कारण तेथें मक्यावर व भुईमुगावर वाढणाऱ्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषानें यकृताचा कर्करोग फार होत असे. २००३ सालीं २०० माणसांस ब्रोकोलीच्या मोडांचा काढा किंवा त्यासारखेंच पण सत्त्वहीन पेय देऊन पाहिलें. दोन्ही गटांची सरासरी घेतली असतां अफ्लाटॉक्सिनाच्या खुणेंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. मात्र काढा घेणाऱ्यांपैकीं ज्यांच्या अंगीं सत्त्व अधिक लागलें होतें त्यांच्यांत विषाची खूण कमी होती. पुढें त्याच भागांत २९१ माणसांवर १२ आठवडे प्रयोग झाला व २०१४ सालीं तो प्रसिद्ध झाला. दूषित हवेंतून शरीरांत जाणाऱ्या बेन्झिनचें मूत्रावाटें बाहेर पडणें शेकडा ६१ नें व अॅक्रोलिनचें शेकडा २३ नें वाढलें. हा निष्कर्ष खरोखर मोलाचा आहे. तथापि विष अधिक बाहेर पडलें आणि कर्करोग झाला नाहीं, हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिल्यास बारा आठवडे पुरतात, दुसऱ्यास वीस-तीस वर्षें माणसें डोळ्यांखालीं ठेवावीं लागतील. भुईमुगाबाबत म्हणाल तर शेंगा नीट वाळवून कोरड्या जागीं सांठविणें व बुरशी लागलेले दाणे फेंकून देणें हा उपाय कोणत्याही काढ्याहून स्वस्त आणि खात्रीचा आहे.

आतां खर्र्याविषयीं. हा प्रश्न आमच्या भागांत सर्वांत मोठा असून त्यावर जरा रेंगाळणें आम्हांस भाग आहे. २०१६-१७ सालच्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेकडा २४ हून अधिक लोक धूर न काढतां तंबाखू वापरतात असें दिसून आलें. म्हणजे चौघांत जवळ जवळ एक. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं त्या दशकांतच तोंडाच्या कर्करोगाचा व खाण्याच्या संवयींचा संबंध मांडण्यास आरंभ केला होता. म्हणजे ही गोष्ट आपणांस नुकतीच कळली असें म्हणण्यास जागा नाहीं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तर चालते. २००४ सालीं सुपारीही स्वतंत्रपणें कर्करोगकारक ठरविण्यांत आली आहे. तोंड उघडेनासें होण्याचा विकार तर मुख्यतः सुपारीचाच. २०१२ सालीं राज्यांत गुटख्यावर बंदी आली, पण कागदावर सुपारी, तंबाखू व चुना घोटणारे हात थांबले नाहींत.

मुळा, कोबी किंवा त्यांचें सत्त्व यांनीं या विषाचा उतारा होतो काय? याचें उत्तर देतां येण्याजोगा एक प्रयोग झालेला आहे. तंबाखूंत एनएनके नांवाचें एक विष असून शरीरांत गेल्यावर त्याचें रूपांतर होऊन तें कर्करोगास कारण होतें. उंदरांत मोहरीकुलांतील एका सत्त्वानें हें रूपांतर चांगलें रोखलें जातें असें १९८९ च्या सुमारास दिसलें होतें. हें सत्त्व फेनेथिल जातीचें असून जलकुंभीसारख्या पाण्यांत वाढणाऱ्या याच कुळांतील एका विलायती पालेभाजींत तें विपुल असतें. तेंच शुद्ध स्वरूपांत ८२ सिगारेट ओढणाऱ्या माणसांस देऊन पाहिलें. २०१६ सालीं त्याचा निकाल आला. रूपांतराचें प्रमाण कमी झालें खरें, पण तें शेकडा आठाहूनही कमी. शंभर रुपयांच्या कर्जांतून आठ रुपये फिटले, आणि सावकाराकडे जाणें चालूच आहे, असा हा हिशेब झाला. शिवाय हा प्रयोग धुराच्या तंबाखूचा. खर्र्यांत सुपारी आहे, चुना आहे, आणि गोळी तासन्‌तास गालांत एकाच जागीं असते.

गोळ्या व भुकट्या यांचे बाबतींत फिनलंड देशाचा अनुभव आपल्या सर्वांच्या कानीं जावा असा आहे. गाजरांतील बीटा-कॅरोटिन फुप्फुसाच्या कर्करोगास रोखील अशा भरंवशानें तेथें २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. १९९४ सालीं निकाल आला तेव्हां ज्यांस त्या गोळ्या दिल्या त्यांच्यांत कर्करोग शेकडा १८ नें अधिक निघाला. गाजर खाणाऱ्याचें त्यांत कांहींच बिघडलें नव्हतें. भाजींतून निराळें काढलेलें सत्त्व मोठ्या मात्रेंत रोज घेणें ही निराळीच गोष्ट आहे. तेव्हां ज्यांच्या तोंडांत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, तोंड पूर्वींइतकें उघडत नसेल वा गिळतांना त्रास होत असेल, त्यांनीं भुकटीवाल्याकडे न जातां सरळ डॉक्टरास किंवा दांतांच्या डॉक्टरास तोंड दाखवावें. रोग लवकर हातीं लागला तर गुण येण्याचा संभव फार मोठा असतो. आमच्या आप्तांचे पांच महिने त्या भुकटीनें खाल्ले, हें दुःख आहे. पैशाचें दुःख आम्हांस तितकें नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर वाचक विचारतील कीं, मग या भाज्या खाव्या कीं न खाव्या? अवश्य खाव्या. त्यांत क जीवनसत्त्व आहे, चोथा आहे, आणि वरील सत्त्वाचा जो कांहीं लाभ व्हावयाचा तो ताटांतून होण्यास कोणाची हरकत नाहीं. फक्त तें सत्त्व ताटापर्यंत जिवंत पोंचावें अशा रीतीनें रांधावें. कोबी किंवा फुलकोबी बारीक चिरून लगेच कढईंत न टाकतां अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी. तेवढ्यांत विकर आपलें काम उरकतें. मग भाजी शिजविली तरी तयार झालेल्या सत्त्वापैकीं बराच भाग टिकतो. पाण्यांत उकळून पाणी ओतून देण्याची रीत सर्वांत वाईट. तीन-चार मिनिटें वाफ द्यावी हें बरें. भाजी शिजून विकर मेलेंच असेल तर आंतड्यांतील जंतू थोडेंसें काम करतात, पण तें फारच थोडें.

यावर एक सुंदर तोड निघाली आहे आणि ती आपल्या घरची आहे. इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठांत २०१८ सालीं बारा माणसांस शिजविलेली ब्रोकोली २०० ग्रॅम दिली. एकदां तशीच आणि एकदां तीवर एक ग्रॅम मोहरीची पूड घालून. पूड घातली तेव्हां सल्फोराफेन चौपटीहून अधिक अंगीं लागलें. ब्रोकोलीचें विकर मेलें होतें. मोहरीच्या विकरानें तें काम केलें. मोहरीचें विकर उष्णतेस अधिक टिकाव धरतें हेंही यास कारण आहे. तेव्हां कोबीची भाजी उतरविल्यावर, ती जरा निवाली म्हणजे, कच्च्या मोहरीची चिमूटभर पूड वरून टाकावी. मुळ्याची किंवा काकडीची कोशिंबीर फेसलेल्या मोहरीनें करण्याची जुनी रीत आहेच. ब्रोकोलीवांचून अडत नाहीं. मुळा, त्याचा पाला, त्याच्या डिंगऱ्या, पत्ताकोबी यांस आपल्या बाजारांत जो भाव असतो त्यांत गरिबाचें घरही भागतें.

अतिरेक मात्र येथेंही नको. १९२८ सालीं याच बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्यें, दुसऱ्याच प्रयोगासाठीं पाळलेल्या सशांस मुख्यतः कोबीवर ठेवलें असतां त्यांच्या गळ्यांत गलगंडाच्या गांठी आलेल्या दिसल्या. या कुळांतील कांहीं द्रव्यें शरीरास आयोडिनचा उपयोग करूं देत नाहींत. आयोडिनयुक्त मीठ खाणाऱ्या माणसानें रोजची वाटीभर भाजी खाण्यास भीति नाहीं. पण गळ्याच्या ग्रंथीचा विकार असणारांनीं तांब्याभर कच्चा रस रोज पिऊं नये. जनावरांसही हाच नियम लागू आहे. मोहरीची ढेप झोंबरी असल्यामुळें ती दावणींत बेतानेंच पडावी. हीच अडचण जाणून कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठांतील बाल्दुर स्टेफान्सन यांनीं १९७४ सालीं ‘टॉवर’ ही मोहरीच्या नात्यांतील तेलबियांची जात काढली. तिच्या ढेपेंत हीं द्रव्यें अत्यंत कमी होतीं. म्हणजे एकीकडे दवाखाना तें सत्त्व वाढावें म्हणतो आणि दुसरीकडे गोठा तें नाहींसें व्हावें म्हणतो. बियाणें घेतांना आपलें पीक ताटासाठीं, लोणच्यासाठीं कीं घाण्यासाठीं हें आधीं ठरवावें.

आतां वावरांतील दोन-चार गोष्टी. सत्त्वाच्या प्रत्येक कणांत गंधक असल्यामुळें जमिनींत गंधक नसेल तर मोहरी फिकी निघते, तेलही कमी उतरतें. पूर्वीं सिंगल सुपर फॉस्फेट पडे. त्यांत शेकडा ११-१२ गंधक आपोआप येई. डीएपीची संवय लागली तेव्हांपासून तें यावयाचें बंद झालें, कारण डीएपींत गंधक नसतेंच. माती तपासून घ्यावी व कमतरता असल्यास सुपर फॉस्फेट किंवा जिप्सम द्यावें. पूर्णेकांठच्या खारपाणपट्ट्यांतील बंधूंस जिप्समचा परिचय आहेच. मोहरी पेरणारांनीं ‘टॅम १०८-१’ या जातीची चौकशी करावी. भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ यांच्या संयुक्त कामांतून ती निघाली असून तिच्या नांवांतील अक्षरें ट्रॉम्बे व अकोला यांचींच आहेत. ब्रोकोलीची लागवड करूं पाहणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं तिला थंडी लागते. आपल्याकडे तिचा हंगाम हिवाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांपलीकडे जात नाहीं, आणि गिऱ्हाईक आधीं ठरल्यावांचून माल काढूं नये.

कोबीवर हिऱ्याच्या आकाराचे ठिपके असलेला जो बारीक पतंग येतो त्याच्या अळीचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. इतर किडींस पळविणारी ही सुकी दारू या अळीस बाधत नाहीं. तिच्या पोटांत असें एक विकर आहे कीं तें ठिणगी पडण्याआधींच दारू निकामी करून टाकतें. जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं हें २००२ सालीं उघडकीस आणलें. इतकेंच नव्हे, तर मोहरीच्या वासानें हा पतंग ओढला जातो. याचा फायदा बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें घेतला. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागें मोहरीच्या दोन ओळी घ्यावयाच्या. पहिली कोबीच्या लागणीआधीं पंधरा दिवस पेरावी व दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनीं. पतंग मोहरीवर अंडीं घालतो आणि औषध फवारावयाचें तें बव्हंशीं त्या ओळींवरच फवारतां येतें. कर्करोगाच्या भीतीनें जो कोबी गिऱ्हाईक घेणार, त्यावर आपण काढणीच्या आदल्या दिवशीं विष मारावें हें शोभत नाहीं. डब्यावर काढणीपूर्वीं जितके दिवस थांबण्यास सांगितलें असेल तितके थांबावें. आणि फवारतांना स्वतःचें नाक-तोंड झांकावें, कारण २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर दगावले तें आपण विसरलों नाहीं.

मोडांबद्दल एक सूचना अवश्य केली पाहिजे. मुळ्याचे किंवा मोहरीचे मोड घरीं काढून खाण्याची हौस हल्लीं पुष्कळांस लागली आहे. तीन दिवसांचे मोड चवीस चांगले लागतात. परंतु दुकानांतून पेरणीसाठीं आणलेलें बीं यासाठीं कधींही वापरूं नये. त्यास थायरमसारखें विषारी औषध लावलेलें असतें व धुतल्यानें तें पुरतें जात नाहीं. मोडांसाठीं बीं घरचेंच धरावें. त्याकरितां थंडीच्या मुळ्यांपैकीं दहा-बारा चांगले मुळे न उपटतां बांधाच्या कडेला राखावे. माघांत त्यांस फूल येतें, पाठोपाठ डिंगऱ्या धरतात. कोंवळ्या असतांना अर्ध्या भाजीस काढाव्या आणि अर्ध्या तशाच वाळूं द्याव्या. शेजारीं मुळ्याची दुसरी जात फुलांत असेल तर बीं भेसळीचें होतें, एवढें पाहावें. वाळलेल्या शेंगा फडक्यांत बांधून काठीनें झोडल्या म्हणजे घरापुरतें बीं सहज निघतें.